डाव्या खांद्यातला कापूस

कात्री हातून घसरली तेव्हा दुकानात मी आणि माझी बायको, दोघंच होतो. वकिलाच्या काळ्या कोटाचं कापड टेबलावर पसरलं होतं, खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या आणि मी मुंढा कापत होतो. मुंढा म्हणजे जिथे बाही बसते ती गोलाई. तिथे घाई चालत नाही आणि मी करतही नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं एकदम मेली. पातं रेघ सोडून इंचभर आत कापडात गेलं आणि मी नुसता बघत राहिलो. एक्केचाळीस वर्षांत मी कापड वाया घालवलेलं नाही. दुसऱ्यांनी वाया घालवलेलं वाचवलं आहे.

ही काज करत बसली होती. तिने पाहिलं, सुई कापडात खोचली, उठून आली, तो तुकडा घडी करून खालच्या फळीवर ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसली. एक अक्षर बोलली नाही. ही गप्प बसली की समजावं, पुढचं सगळं तिने मनाशी ठरवून टाकलेलं आहे.

"रात्री झोप नीट झाली नाही," मी म्हणालो.

"सहा महिने?" ती म्हणाली.

सहा महिनेच झाले होते. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग शर्टाची बटणं लागेनात, मग चहाचा कप हातात आहे की नाही हे बघून ठरवावं लागायला लागलं. मी कुणाला बोललो नव्हतो. आमच्या धंद्यात शिवणारे पुष्कळ मिळतात; माझं शिवणकाम दोघं जण आपापल्या घरी बसून करतात. बेतणारा मिळत नाही. कापड बघायचं, माणूस बघायचा आणि कात्री चालवायची, हे काम माझ्या उजव्या हाताचं. तो हात गेला की दुकानाला कुलूप.

आणि माझं दुकान ऐऱ्यागैऱ्याचं नाही. ज्याचा एक खांदा पडलाय, ज्याला कुबड आहे, ज्याचा एक पाय आखूड आहे, अशी माणसं लांबून माझ्याकडे येतात. सरळ माणसाला कुणीही कोट शिवेल. मी वाकड्याला असा शिवतो की आरशात तो स्वतःला ओळखत नाही. पाठ थोडी लांब, पुढचा भाग थोडा आखूड, इकडे ढील, तिकडे चिमटा, पडलेल्या खांद्यात कापसाचं पॅड. लोक मला मास्तर म्हणतात ते उगीच नाही.

आता समोरच्या रस्त्यापलीकडची गोष्ट सांगतो, कारण तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, एक पाटी आहे. त्यावर लिहिलंय, "कायरोप्रॅक्टिक : पाठ, मान, कणा. शस्त्रक्रियेशिवाय." खाली ताठ उभ्या माणसाचं चित्र. ती पाटी माझ्या एकुलत्या एक मुलीची आहे.

तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी कुणालाही सांगेन, फक्त तिला नाही. सोळाव्या वर्षी ती बाही अशी बेतायची की माझ्या पोटात दुखायचं. दुकान तिचंच होतं. अठराव्या वर्षी ती म्हणाली, मला हाडांचं शिकायचंय, माणसं सरळ करायचं. मी म्हणालो, माणसं सरळ करायचं काम या घरात आधीपासून चालतं. ती म्हणाली, तुम्ही सरळ करत नाही, सरळ दाखवता. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. ती गेली. शिकून परत आली ती थेट माझ्या नाकासमोर पाटी लावायला. अख्खं शहर पडलं होतं तिला.

पाटी लागल्यापासून, गेली सहा वर्षं, ती घरी येते ती मी दुकानात असताना, आईला भेटायला. मला भेटत नाही. मीही काही डोळे लावून बसलेलो नव्हतो.

पण तिने माझी गिऱ्हाइकं पळवली, ते मी कसं विसरू? एक प्राध्यापक होते, वीस वर्षं माझे गिऱ्हाईक, पुस्तकांवर वाकून वाकून पुढे झुकलेले. मी त्यांच्या पाठीचा अभ्यास केला होता. एक दिवस ते तणतणत आले, अंगात मीच शिवलेला राखाडी कोट, पुढून वर चढलेला, मागून लोंबणारा.

"मास्तर, कोट बिघडला."

"कोट नाही बिघडला," मी म्हणालो, "तुम्ही बिघडलात. कुठे गेला होतात?"

त्यांनी बोट समोरच्या खिडकीकडे केलं. आठ महिने आठवड्यातून दोनदा जात होते. मान मागे, छाती पुढे, एवढे ताठ की मला ओळख पटेना. वरून म्हणतात, "पोरीने जादू केली तुमच्या." तो कोट मी उसवला नाही. म्हणालो, जिने तुम्हाला वाढवलंय तिच्याकडूनच कोटही वाढवून घ्या.

तर अशा ठिकाणी मी जावं, असं हिने ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने काज करणं बंद केलं. हाताची घडी घालून बसून राहिली. कोटांचा ढीग समोर. मी म्हणालो, "हे काय?" ती म्हणाली, "तुमची बोटं झोपलीत, माझीही झोपलीत. तुम्ही तिकडे जाऊन आलात की माझी जागी होतील." मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी तीन गिऱ्हाइकं कोट न घेता परत गेली. चौथ्या दिवशी नाक मुठीत धरून मी रस्ता ओलांडला.

बावीस पायऱ्या. वर चार खुर्च्या, त्यातल्या दोन भरलेल्या. कोपऱ्यात प्लास्टिकचा पाठीचा कणा टांगलेला. पोरीने आतल्या दारातून डोकं बाहेर काढलं, मला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"नंबर लावलाय?"

"मी बाप आहे तुझा."

"बाप म्हणून आला असाल तर घरी भेटू, कधीतरी. पेशंट म्हणून आला असाल तर तिसरा नंबर."

मी तिसऱ्या नंबरवर बसलो. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. मी हसलो नाही.

आत गेल्यावर ती म्हणाली, "शर्ट काढा." बटणं काढायला मला किती वेळ लागतोय ते ती घड्याळ न बघता मोजत होती, मला कळत होतं. मदत केली नाही. मग मला चौकटी आखलेल्या भिंतीशी उभं केलं, शेजारी ओळंब्याची सरळ दोरी सोडली आणि बाजूने फोटो काढला. फोटो पडद्यावर आला.

"हा कोण म्हातारा?" मी म्हणालो.

"तुम्ही."

हजारो पाठी मी मोजल्या असतील. स्वतःची पाठ मी कधी पाहिली नव्हती. मान खांद्यांच्या पुढे वीतभर आलेली, वरची पाठ गोल, छाती आत. असं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं असतं तर मी पाठ सव्वा इंच लांब धरली असती, पुढचा भाग इंचभर आखूड, आणि कॉलरखाली जरा जाड अस्तर. माणूस उभा केला असता.

"मनातल्या मनात कोट बेतताय ना?" ती म्हणाली. "हे कपड्याने जाणार नाही."

तिने हातोडीने कोपरावर ठोकलं, टाचणी टोचून कुठे लागतंय ते विचारलं, स्वतःचा हात दाबायला सांगितला. डाव्या हाताने दाबला तेव्हा तिचा चेहरा दुखल्यासारखा झाला. उजव्याने दाबला तेव्हा झाला नाही.

"आधी मानेचा एक्सरे. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

"घाबरतेस?"

"हो. मान आहे ती."

एक्सरे आला. ती तो दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. म्हणाली, मानेच्या खालच्या मणक्यांमधली जागा कमी झालीय, हाताकडे जाणारी नस तिथे दबतेय. चाळीस वर्षं वाकून काम केल्याचं हे फळ. ती मान मोकळी करेल, पाठीचे आखडलेले सांधे सोडवेल, पण घरचे व्यायाम मीच करायचे. तीन आठवडे कात्री बंद. सहा आठवड्यांत बोटांत जोर आला नाही तर सर्जनला चिठ्ठी.

"हा हात पुन्हा कापड कापेल?" मी विचारलं.

"माझं ऐकलंत तर कापेल."

हेच मला नको होतं. कुणाचंही ऐकलं असतं. म्हशीच्या डॉक्टरचं ऐकलं असतं.

त्याच संध्याकाळी ती दुकानात आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. आली ती टेप घेऊन, आणि माझ्या टेबलाची उंची मोजायला लागली. "हे एवढं खाली का?" तिने विचारलं. मी म्हणालो, हे माझ्या उस्तादांचं टेबल. त्यांनी मला दिलं, मी तसंच ठेवलं.

"उस्ताद केवढे होते उंचीला?"

उस्ताद माझ्या खांद्याला लागायचे. एक्केचाळीस वर्षं मी एका बुटक्या माणसाच्या टेबलावर वाकत होतो, आणि त्याखाली चार ठोकळे सरकवावेत असं मला कधी सुचलं नाही, सुचलं असतं तर उस्तादांचा अपमान वाटला असता. ही तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या दिवशी सुताराने पाच इंचांचे ठोकळे आणून बसवले. मी त्या टेबलासमोर ताठ उभा राहिलो आणि मला माझ्याच दुकानात पाहुण्यासारखं वाटलं.

मग आठवड्यातून दोनदा ती बावीस पायऱ्या. तिच्या टेबलाला तोंडाच्या जागी भोक आहे, त्यात तोंड घालून पालथं झोपायचं आणि खाली फरशी बघायची. ती पाठीवर तळहात ठेवते, श्वास सोडायला सांगते, आणि श्वास संपताना एक छोटा झटका. कट् असा आवाज. पहिल्यांदा माझी पाचावर धारण बसली.

"मोडलंस काय?"

"सांध्यातला बुडबुडा फुटला. हाड नाही मोडलं. एवढ्या सहज नाही मोडायचं तुमचं काही."

बोलणं एवढंच. श्वास घ्या, सोडा, हनुवटी आत, खांदे सोडा. मी टोमणा मारला की ती ऐकू न आल्यासारखं करायची. तिने मारला की मी भोकातून फरशीवर थुंकल्यासारखा बोलायचो. बाहेरच्या खुर्च्यांवरचे लोक आमचं ऐकायला लवकर येऊन बसायचे, अशी मला शंका आहे.

पण खोटं कशाला बोलू. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या कमी झाल्या. चौथ्यात मी कपाकडे न बघता चहा प्यालो. पाचव्यात शर्टाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, आणि हिला हाक मारून दाखवलं. जुन्या कापडावर कात्री चालवून पाहिली. पातं रेघेवरून हललं नाही. मला रडू येईल असं वाटलं, ते मी आवरलं. हात परत येत होता आणि तो तिने आणला होता. उपकार झाल्यासारखं वाटायला लागलं की माझं डोकं फिरतं. मला ते फेडून मोकळं व्हायचं होतं, आणि माझ्याकडे फेडायला एकच गोष्ट होती.

अकराव्या वेळी मी गेलो तेव्हा ती पाठमोरी उभी राहून हात धूत होती. अंगात तो निळा झगा, तयार घेतलेला, कारखान्यातला. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत सलत होता. डावीकडून खाली उतरलेला, मानेपासून काखेपर्यंत एक आडवी चुणी. माझ्या मुलीच्या अंगावर असलं कापड म्हणजे माझ्या तोंडाला काळं.

"तो झगा फेकून दे," मी म्हणालो. "मी शिवून देतो. डाव्या खांद्यात कापूस घातला की चुणी जाईल."

तिने नळ बंद केला. वळली नाही.

"काय म्हणालात?"

"डावा खांदा पडलाय ना तुझा. तयार कपड्यात कसा बसेल तो? एवढी वर्षं मी शिवत होतो तेव्हा कुणाला दिसला का?"

"किती वर्षं?"

मला वाटलं, हिला शेवटी माझ्या कामाची किंमत कळली. मी ऐटीत सांगितलं. "तुझी मापं मला तोंडपाठ आहेत. पहिल्यांदा शाळेच्या ड्रेसला कापूस घातला. अकरावं लागलं होतं तुला. पाव इंच. बारावं संपायच्या आत अर्धा. तेराव्यात पाऊण. पंधराव्यात पूर्ण एक इंच, आणि मग तिथेच थांबलं. शिवाय उजवीकडे पाठीत ढील द्यावी लागायची, कारण तिकडचं खांद्यामागचं हाड बाहेर यायला लागलं होतं. कंबरेला डावीकडे चिमटा."

ती टेबलाशी येऊन बसली होती आणि लिहून घेत होती. "परत सांगा," म्हणाली. "वयं सांगा. हळू."

मी परत सांगितलं. अजून एक गोष्ट आठवली तीही सांगितली, की शाळेत वर्षातून दोनदा तपासणी व्हायची आणि डॉक्टर ड्रेसवरूनच बघून पुढे जायचा, त्यालासुद्धा कधी कळलं नाही. एवढं बेमालूम काम होतं.

तिने कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला. वयं एका बाजूला, इंच दुसऱ्या बाजूला.

"हे काय आहे माहितीय?"

"तुझं माप."

"हा आजार आहे, बाबा. कणा वळत जातो. मुली भराभर वाढतात तेव्हा सगळ्यांत जोरात वळतो. त्या वयात प्लास्टिकचा पट्टा देतात, दिवसभर घालायचा, दोन-तीन वर्षं. पुष्कळ मुलींचा कणा तिथल्या तिथे थांबतो. वाढ संपली की पट्ट्याचा उपयोग नाही." तिने पेन्सिल तेराच्या आकड्यावर टेकवली. "इथे कुणी मला डॉक्टरकडे नेलं असतं ना, तर झालं असतं."

मी म्हणालो, "तू दप्तर एका खांद्यावर घ्यायचीस. मला वाटलं..."

"दप्तराने होत नाही."

"मग आता कर की सरळ. तुझंच काम आहे."

"माझ्याच्याने होणार नाही. कुणाच्याच्याने नाही. मी लोकांचे आखडलेले सांधे सोडवते, उभं राहायला शिकवते. वळून पक्कं झालेलं हाड मी सरळ करू शकत नाही, आणि करते असं म्हणणारा खोटारडा असतो. मला रोज सकाळी उठून उभं राहायला अर्धा तास लागतो. तासापेक्षा जास्त बसता येत नाही. पन्नाशीत काय होईल ते मला माहीत आहे, मी तेच शिकलेय."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी माझा चढवला असता, ते मला जमतं.

"विसाव्या वर्षी मला कळलं," ती म्हणाली. "वर्गात. पातळ बनियनवर ओळंब्याशी उभं केलं आणि सर म्हणाले, बघा, एवढा वळलेला कणा, आणि वीस वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही, कसं शक्य आहे? मुलं म्हणाली, घरच्यांचं लक्ष नसेल. मी भांडले त्यांच्याशी. म्हणाले, माझे वडील माणसाला एका नजरेत मोजतात. त्यांना दिसलं असतं तर त्यांनी काहीतरी केलं असतं." तिने पेन्सिल खाली ठेवली. "आपलं बोलणं बंद होतं, तरी भांडले."

शेवटी जे बोललो ते असं, "मुलीची जात. चारचौघींत वेगळी दिसू नये, एवढंच मनात होतं."

"नाही दिसले."

मी खाली बघत होतो. मला वाटलं, आता हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं. तिने दुसरंच विचारलं.

"ते कापसाचे पॅड कोण शिवायचं?"

एवढा एकच प्रश्न मला आधीपासून दिसायला हवा होता. सगळ्या ड्रेसांचे पॅड माझी बायको शिवायची. दरवर्षी मी आकडा सांगायचो आणि ही मुकाट्याने कापूस पिंजून, दोन घड्यांत घालून, बारीक टाका घालून द्यायची. एकदा, पाऊण इंचाच्या वेळी, ती म्हणाली होती, हिला कुणाला तरी दाखवू या का? मी म्हणालो होतो, काय दाखवायचंय, मी आहे ना. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

"मीच," मी म्हणालो. "तुझ्या आईला काही माहीत नव्हतं."

पोरगी माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिने बरा केलेला हात.

"तुम्ही सुई धरत नाही, बाबा. बेतणारा सुई धरत नाही. हे तुम्ही मला रोज सांगायचात."

मी पुन्हा म्हणालो, मीच. ती ऐकत नव्हती.

"वर्गातून मी त्याच दिवशी आईला फोन केला होता," ती म्हणाली. "विचारलं, तुला कधी काही दिसलं नाही का गं? आई म्हणाली, नाही गं बाई, शपथ. मी तिला धीर दिला. मीच तिला म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने कागदाची घडी केली आणि झग्याच्या खिशात ठेवली.

"झोपा. आजची मान राहिलीय."

"राहू दे आज."

"बाहेर लोक थांबलेत. झोपा."

मी भोकात तोंड घातलं. तिचे हात मानेवर आले. मला खात्री होती की आज ती जोर लावणार, आणि मी दात आवळून ठेवले. लावायला हवा होता. माझी मान पूर्ण तिच्या ताब्यात होती. पण तिने कालपरवा धरली होती तशीच धरली, हळू, एकेक मणका चाचपत, दुखलं तर सांगा म्हणत. दुसऱ्या कुणा परक्या पेशंटलाही ती असंच धरत असेल. माझ्या डोळ्यांतलं पाणी सरळ फरशीवर पडत होतं आणि ते पुसायला मला हात हलवता येत नव्हता.

उठलो तेव्हा ती दाराशी उभी होती.

"गुरुवारी या. अजून सहा वेळा यावं लागेल. आणि आईला सांगा, मी आता घरी येणार नाही."

"किती दिवस?"

तिने दार उघडून पुढचा नंबर पुकारला.

बावीस पायऱ्या उतरून मी रस्ता ओलांडला. ताठ चालत होतो. आता तसंच चालता येतं. दुकानात ही काज करत बसली होती. वाटेत मी दहा प्रकारे बोलून पाहिलं होतं. पोरीला काम फार आहे. पोरीला बरं नाही. पोरगी बाहेरगावी जातेय. मला असलं सुचायला वेळ लागत नाही, जन्मभर तेच केलंय.

"काय म्हणाली?" हिने विचारलं.

"आता घरी येणार नाही म्हणाली."

तिचा हात थांबला. सुई काजातून अर्धी बाहेर आली होती, ती तशीच राहिली. मी टेबलाला हात टेकून उभा राहिलो आणि वाट बघत होतो, की ती विचारेल, का? काय झालं? भांडलात का? माझ्यावर ओरडेल, पोरगी घर सोडून गेली तेव्हा ओरडली होती तशी. मी सगळं सांगायला तयार होतो. ती माझ्याकडे बघत होती आणि तिने काहीच विचारलं नाही.